चार नंबरच्या खुर्चीवरची मेघा भदाणे

१

शुक्रवारी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना धुळ्यात, देवपूरच्या एका संगणक परीक्षा केंद्रात, मेघा भदाणेला सांगण्यात आलं की तिची परीक्षा होऊन गेली आहे.

"होऊन गेली म्हणजे?" पाठीवरची बॅगही तिने अजून उतरवली नव्हती.

"झाली, मॅडम. संपली." केंद्रचालक लीलाधरभाऊंनी टेबलावरचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा ना. मी काय मनचं सांगतोय?"

पडद्यावर तिचं पूर्ण नाव होतं. खाली खुर्ची क्रमांक चार, हजेरी नऊ वाजून चौदा मिनिटं, आणि त्याखाली तांबड्या अक्षरांत: परीक्षा समाप्त, अनुत्तीर्ण.

"लीलाधरभाऊ, सव्वानऊला मी पारोळ्याच्या पुढे होते. बसमध्ये. उभी."

"असाल. पण इथं एक बाई आल्या, तुमचं ओळखपत्र दाखवलं, बसल्या. त्या तुम्ही नाहीत हे मला कसं कळणार? मी तुम्हाला आधी कुठं पाहिलंय?"

मेघा समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडून काय होणार हे तिला कळत होतं.

ती जळगावच्या रतनलाल शेठजींच्या पेढीत नेटवर्क इंजिनियर होती. शाळा, दवाखाने, जिनिंगचे कारखाने, जिथे म्हणून संगणक एकमेकांना जोडायचे तिथे पेढीची माणसं वायरी ओढत. या कामाचं तिचं प्रमाणपत्र अमेरिकेतल्या एका कंपनीचं होतं आणि ते तीन वर्षंच चाले. तीन वर्षं संपायच्या आत पुन्हा परीक्षा द्यायची. एक दिवस जरी उलटला तरी आधीचं सगळं पुसलं जाई आणि अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात. मेघाची मुदत रविवारी रात्री संपत होती. नापास झालेल्याला पुन्हा बसण्याआधी पाच दिवस थांबावं लागे. म्हणजे शुक्रवारी नापास झालेल्या माणसाने रविवारच्या आत पास व्हावं, अशी सोय नियमांत नव्हती.

आणि मंगळवारी शिरपूरच्या एका शिक्षणसंस्थेच्या निविदा उघडणार होत्या. सगळ्या इमारतींचं नेटवर्क नव्याने उभारायचं होतं. कामाचा प्रमुख म्हणून ज्याचं नाव द्यायचं, त्याचं प्रमाणपत्र त्या दिवशी वैध असायला हवं, ही अट. इतकी वर्षं मेघाने काम केलं होतं ते दुसऱ्याच्या हाताखाली. शिरपूरच्या कागदावर पहिल्यांदा तिचं नाव वरती येणार होतं. तिचं नाव गळालं, तर पेढीत वैध प्रमाणपत्र असलेला दुसरा एकच माणूस होता. शेठजींचा भाचा अखिल.

"कोणत्या खुर्चीवर बसली म्हणालात ती?" मेघाने विचारलं.

"चार नंबर. पण आत जाता येणार नाही, मॅडम. आत फक्त उमेदवार."

"मी कोण आहे मग?"

लीलाधरभाऊंनी पडद्याकडे पाहिलं. "सिस्टीमप्रमाणे," ते म्हणाले, "तुम्ही परीक्षा देऊन गेलात."

२

मदतवाहिनीवर आधी संगीत वाजलं. मग तिचा वेळ मौल्यवान असल्याचं तिला सांगण्यात आलं. मग पुन्हा संगीत.

या प्रमाणपत्रामागे ती आज पहिल्यांदा धावत नव्हती. नूतनीकरणाचा दुसराही रस्ता होता: घरबसल्या व्हिडिओ बघून गुण जमवायचे. तिने उन्हाळाभर ते बघितले होते. पोळ्या लाटताना, गाडीत, सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्याच्या बाकड्यावर. गुण जमले, पण चालू प्रमाणपत्र होतं सासरच्या नावाच्या खात्यात आणि गुण जमा झाले माहेरच्या नावाच्या जुन्या खात्यात, कारण पहिली परीक्षा तिने लग्नाआधी मेघा झुलाल बोरसे म्हणून दिली होती. दोन्ही खाती एक करायला कंपनीने लग्नाचा दाखला मागितला. तो मराठीत होता. इंग्रजी भाषांतर मागितलं. भाषांतर दिलं तर ते भाषांतरकाराने शपथेवर केलेलं हवं होतं. खाती एक झाली तेव्हा व्हिडिओंची मुदत संपलेली होती. मग परीक्षा. जळगावात जागा नव्हती, नाशिकला पुढच्या महिन्यात होती. देवपुरात एकच रिकामी होती: शुक्रवार, साडेदहा.

"नमस्कार, आज मी आपल्याला कशी मदत करू?" एका बाईचा गोड इंग्रजी आवाज आला.

मेघाने सगळं सांगितलं.

"ऐकून मला वाईट वाटलं. आपण पाच दिवसांनी पुन्हा परीक्षा देऊ शकता."

"पाच दिवसांनी माझं प्रमाणपत्र जिवंत नसेल. रविवारी संपतंय. आणि रविवार म्हणजे कुणाचा रविवार? आमचा की तुमचा?"

हे बाईंना बघून सांगावं लागणार होतं. पुन्हा संगीत. बाई परत आल्या तेव्हा रविवारचं उत्तर त्यांना मिळालेलं नव्हतं. वाट एकच होती, त्या म्हणाल्या. केंद्राची चूक असेल तर केंद्रचालकाने घडलेलं लिहून, सही करून पाठवायचं. चौकशी होईल आणि तोपर्यंत प्रमाणपत्राची मुदत गोठवता येईल. पण हे रविवारच्या आत.

"आणि केंद्रचालक म्हणत असेल की मी आले होते, तर?"

"मग तसं मानलं जाईल."

"अहो, माझ्या जागी दुसरंच कुणी बसलं होतं! हजेरीच्या वेळी फोटो काढतात ना? तो तरी बघा."

पलीकडे कळफलक वाजला.

"बघितला, मॅडम. आमच्या नोंदीतल्या फोटोशी आमच्या यंत्रणेने तो ताडून पाहिला आहे," बाई म्हणाल्या. "चेहरा आपलाच आहे."

३

नेटवर्क बंद पडलं की मेघा कधी अंदाज बांधत नसे. एका टोकाला उभं राहायचं आणि कुठपर्यंत सगळं ठीक आहे ते बघत पुढे जायचं. जिथे गडबड सुरू होते तिथे थांबायचं. तिने तेच करायचं ठरवलं.

केंद्राच्या जिन्याखाली सुगंधाबाईंची चहाची टपरी होती. वर जायला तेवढा एकच जिना.

"सकाळी कोणी बाई वर गेली का हो, अक्का?"

"बाई?" सुगंधाबाईंनी गाळणी आपटली आणि अहिराणीत सुरू झाल्या. "एक बी नही उनी. मी सकायपाईन आठेच बठेल शे. तूच पहिली."

"नीट आठवा. नऊच्या सुमाराला."

"आते तुले काय लिखी दिऊ का, माय? बाई नही उनी. एक पोऱ्या उना व्हता, जयगावना. गाडी लायी, वर ग्या, लगेच खाले उना. च्या बी नही लिधा."

"कसा होता दिसायला?"

"गोरा. फोनवर बोली ऱ्हायंता. दाढी कोरेल."

जळगावचा, गोरा, कोरलेली दाढी, कायम फोनवर. मेघाला नाव विचारायची गरज पडली नाही.

ती पुन्हा वर गेली. लीलाधरभाऊ टेबल पुसत होते. टेबल स्वच्छ होतं.

"ती बाई कशी होती, ते सांगा," मेघा म्हणाली. "तक्रार लिहायला लागेल."

"कशी म्हणजे? तुमच्यासारखीच. म्हणून तर मी फसलो."

"चष्मा?"

"चष्मा नव्हता."

"कपडे?"

"निळा शर्ट, कॉलरचा. केसांची वेणी, पुढे खांद्यावर घेतलेली. हसतमुख होत्या."

"हसतमुख? परीक्षेला?"

"हो. आपल्याला काय, कोणी हसत येतं."

"आणि पायात?"

लीलाधरभाऊंचं फडकं थांबलं.

"पायात काय होतं, लीलाधरभाऊ? चपला इथंच काढायला लावता ना तुम्ही? खिसे उलटे करायला लावता. साडी होती, जीन्स होती, सलवार होती?"

"ते... लक्ष नाही गेलं."

"उंच होती की बुटकी?"

"बसलेल्या होत्या ना."

"चालत येऊनच बसली असेल."

लीलाधरभाऊ पुन्हा टेबल पुसायला लागले. मेघा उत्तराची वाट न बघता आतल्या खोलीत गेली. त्यांनी हाक मारली, पण अडवलं नाही.

चार नंबरची खुर्ची खिडकीजवळ होती. पडदा बंद होता. कळफलकावर फटीत काहीतरी अडकलं होतं. तिने नखाने काढलं. धण्याचा दाणा. शेजारी, टेबलाच्या कडेला, बोटाला चिकटणारा गुळाचा डाग.

या खोलीत पाण्याची बाटलीही नेऊ देत नाहीत, हे दारावर तीन भाषांत लिहिलं होतं.

४

अखिल धुळ्यातच होता. औद्योगिक वसाहतीतल्या एका तेलाच्या कारखान्यात त्याचं काम चाललं होतं. मेघा रिक्षा करून गेली तेव्हा तो शिडीवर होता.

"या या, मेघा मॅडम! झाले पेपर? पेढे कुठायत?"

"खाली ये."

"रागावलीस? नापास झालीस की काय?"

"तू सकाळी देवपूरच्या केंद्रावर कशाला गेला होतास?"

अखिल खाली उतरला. चेहऱ्यावरचं हसू अर्धं राहिलं. "तुला कोणी सांगितलं?"

मेघाने सांगितलं ते सगळं. तिच्या नावाने कोणीतरी बसलं, नापास झालं, आणि आता शिरपूरला कोणाचं नाव जाणार हे दोघांनाही माहीत आहे.

"हां, म्हणजे मी," अखिल म्हणाला. "मी वेणी घालून बसलो आणि तुझा पेपर पाडला. अगं, माझा स्वतःचा पेपर पास करताना माझी काय अवस्था झाली होती ते तू पाहिलंयस. दुसऱ्याचा पाडायला मला वेळ कुठं?"

"मग गेला कशाला होतास?"

"लिफाफा द्यायला. रोनकभैयाने काल संध्याकाळी गाडीच्या किल्लीबरोबर हातात दिला. लीलाधरला दे म्हणाला. आत कडक काहीतरी होतं, पत्त्याच्या पानाएवढं. मी उघडला नाही. अजून एक पुडी होती."

"बास? दे म्हणाला, इतकंच?"

"आणि वेळ सांगितली. नऊच्या आधी नको, साडेदहाच्या नंतर नको. मी म्हटलं, भैया, लिफाफा आहे की इंजेक्शन? तर म्हणाला, डोकं खाऊ नकोस, सांगितलंय तेवढं कर."

रोनक हा शेठजींचा मुलगा. पेढी आता तोच बघे. गेल्याच आठवड्यात त्याने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, की मेघाच्या परीक्षेच्या भानगडीत कशाला पडायचं, अखिलचं नाव टाकून मोकळे होऊ. त्यावर म्हातारे शेठजी हातातली सुपारी कातरत राहिले होते.

"म्हणजे रोनक," मेघा म्हणाली.

"भैया आळशी आहे गं, वाईट नाही." अखिलने शिडीला पाठ टेकली. "आणि त्याला तुला काढायचंच असतं तर तोंडावर म्हणाला असता, म्हणालाच की. आमच्या घरात लपवाछपवी करणारा एकच माणूस, मामा. तेही देवाधर्मापुरतं. भैया बंगळुरूला निघाला तेव्हा विमानाची वेळ वाईट म्हणून आदल्या दिवशी त्याचं जाकीट गुपचूप शेजारी नेऊन ठेवलं होतं. भैया इकडे जाकीट शोधतोय! उद्या माझं लग्न काढलं तर नवरदेवाच्या आधी माझे बूट जातील बोहल्यावर."

त्याला स्वतःच्याच विनोदाचं हसू आलं. मेघा हसली नाही. तिने पर्स उघडून आतला एक कप्पा पाहिला, तिथे तिचं पेढीचं ओळखपत्र असायचं. काल संध्याकाळी परीक्षेला दुसरा पुरावा म्हणून ते शोधलं होतं. सापडलं नाही म्हणून पॅन कार्ड घेऊन ती निघाली होती.

"अखिल," ती म्हणाली, "माझ्याबरोबर देवपूरला चल. आत्ता."

५

लीलाधरभाऊंनी अखिलला तिच्याबरोबर पाहिलं आणि दरवाजा लोटून घेतला. जेवणाचा डबा उघडा होता, पण घास मोडलेला नव्हता.

"मी सांगते," मेघा म्हणाली. "कुठं चुकलं तर थांबवा.

"सुगंधाबाई म्हणतात, बाई आलीच नाही. तुम्ही म्हणता, आली. कंपनी म्हणते, चेहरा माझाच. मी मात्र बसमध्ये. तिघांचंही खरं असेल असं एकच आहे. माझा चेहरा आला, मी आले नाही. तुम्ही तिचं वर्णन केलंत ते छातीपर्यंतच. पाय नाहीत, उंची नाही, चाल नाही. निळा शर्ट, पुढे घेतलेली वेणी, चष्मा नाही, हसतमुख. पेढीत लागले त्या आठवड्यात माझा असा फोटो काढला होता. तेव्हा मला चष्मा नव्हता, आणि हा अखिल फोटोवाल्याच्या मागे उभा राहून माकडचाळे करत होता म्हणून मी हसले. तो फोटो माझ्या ओळखपत्रावर आहे. तुम्ही कॅमेऱ्यासमोर ते ओळखपत्र धरलंत."

लीलाधरभाऊंची नजर टेबलाच्या खणाकडे गेली.

"मला वाटलं, मला पाडायला हे केलं. पण मला पाडणारा माणूस गूळ-धणे कशाला आणेल? चार नंबरच्या टेबलावर गुळाचा डाग आहे. गूळ-धणे शुभ कामाला देतात. म्हणजे ज्याने हे केलं त्याला माझं भलं व्हायला हवं होतं. मग वेळ. नऊच्या आधी नाही, साडेदहाच्या नंतर नाही. रोनकने आयुष्यात कुणाला वेळ दिली नाही आणि पाळलीही नाही. ती वेळ त्याची नव्हेच. दीड तास. अखिल, दीड तासाचं काय असतं तुमच्याकडे?"

अखिलने कपाळावर हात मारला. "चौघडिया. मामा त्यावरच शुभ-अशुभ वेळ बघतो."

"शुक्रवारी नऊ ते साडेदहा कोणता?"

त्याने फोन काढून पाहिलं. "अमृत. आणि साडेदहापासून..." तो थांबला. "काळ."

"माझी परीक्षा साडेदहाला. काळ चौघडिया लागतो त्याच क्षणाला. रोनकचा प्रवास वाईट वेळेला होता, तर त्याचं जाकीट आधी चांगल्या वेळेला बाहेर पडलं. प्रवास जाकिटापासून सुरू झाला, माणूस मागून गेला. माझ्या बाबतीत जाकिटाच्या जागी ओळखपत्र. शेठजींनी ते पेढीत गुपचूप उचललं, अमृतात खुर्चीवर बसवलं, पुढ्यात गूळ-धणे ठेवले, आणि मी मागून येऊन परीक्षा पुढे चालवायची होती. रोनकने फक्त बापाचं ऐकून लिफाफा पुढे ढकलला. बरोबर?"

लीलाधरभाऊंनी खण उघडला आणि तिचं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. फोटोतली मेघा हसत होती.

"शेठजींचा फोन आला होता काल," ते म्हणाले. "म्हणाले, लीलाधर, पोरीला काळात बसवू नको रे, फक्त सुरुवात करून ठेव. ताई, हे केंद्र काढलं तेव्हा कुणी मशीन देईना, त्यांनी दिली. मी नाही कसं म्हणणार? मला वाटलं, हजेरी लावू, पहिल्या पानावर थांबवू. पहिलं पान नियम मान्य आहेत का विचारतं. आधी ते दिवसभर तसंच उभं राहायचं. आता कंपनीने त्यालाही मुदत घातलीय म्हणे. कुणी मान्य केलं नाही, म्हणून सिस्टीमने परीक्षा बंद केली. मी खाली देवाला अगरबत्ती लावून परत आलो तर हे असं."

"मग मला खोटं का सांगितलंत?"

"ओळखपत्राची हजेरी लावली हे कळलं तर केंद्र जातं, ताई. कायमचं."

मेघाने शेठजींना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

६

"झाली ना गं सुरुवात अमृतात?" रतनलाल शेठजींचा आवाज खणखणीत होता. "मला बेचैनी होती. किती मार्क?"

मेघाने त्यांना थांबवलं. मग तिने सांगितलं. परीक्षा बंद पडली, ती नापास आहे, रविवारी प्रमाणपत्र संपतं.

"असं कसं? मी त्याला म्हटलं होतं, फक्त बसव."

"कॉम्प्युटरला नाही कळलं ते, शेठजी. त्याला वाटलं मी आले आणि गप्प बसून राहिले."

"काय वेडं मशीन आहे! माणूस ओळखता येत नाही?"

"मला एक शब्द विचारला असतात तर?"

"तू हसली असतीस. तुम्ही सगळे हसता. बेटा, रोनक म्हणत होता अखिलचं नाव टाका. मी म्हटलं, नाव मेघाचंच जाईल, फक्त वेळ सांभाळून घेऊ. मला तुझ्यासाठी दुसरं काय करता येतं? त्या वायरींतलं मला कळतं का काही?"

याच्यावर रागावायचं तरी कसं, हे तिला कळेना, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"लीलाधरभाऊंनी खरं लिहून दिलं तर मुदत गोठेल," ती म्हणाली. "पण त्यात येणार की ओळखपत्र माझ्याच पेढीतून आलं. कंपनी म्हणेल, उमेदवाराचाच डाव. मग परीक्षेला जन्मभराची बंदी. तुम्ही स्वतः लिहून द्यायला हवं, की हे मला न सांगता तुम्ही केलं."

पलीकडे रोनकचा आवाज आला. तिकडेही फोन स्पीकरवर असावा. "काही लिहायचं नाही, बाबूजी! मंगळवारी निविदा आहे. पेढीनेच परीक्षेत घोळ घातला असं आपणच लिहून द्यायचं? लीलाधरला लिहू दे, वीज गेली होती म्हणून."

लीलाधरभाऊंचा चेहरा उजळला. "हो ताई, वीज! धुळ्यात वीज जाते, यात कोण खोटं म्हणेल?"

"मशीन म्हणेल," मेघा म्हणाली. "नऊ-चौदापासून शेवटपर्यंत तुमची लाइन सुरू होती, त्यांच्याकडे क्षणाक्षणाची नोंद असणार. पहिल्याच तपासणीत पकडले जाल. मग तुमचं केंद्रही जाईल आणि माझं नावही. खरं लिहिलंत तर निदान दोन्हीची चौकशी होईल."

"चौकशीत काय होईल?"

"मला माहीत नाही."

लीलाधरभाऊंनी डब्याचं झाकण लावलं. फोनमधून सुपारी कातरल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"शेठजी, मी पेढीत सगळ्यांत जास्त वायरी ओढल्यात," मेघा म्हणाली. "चांगल्या वेळेला, वाईट वेळेला, बघितलं नाही. मला फक्त माझ्या वेळेला तिथं बसू द्यायचं होतं."

अखिलने फोनजवळ तोंड नेलं. "मामा, मला शिरपूर नको. मी पायऱ्या चढून थकतो."

"तू गप्प बस, गधड्या," शेठजी म्हणाले. आणि मग, "काय लिहायचं ते सांग, बेटा. मराठीत चालेल का?"

"नाही चालणार," मेघा म्हणाली. "भाषांतर लागेल. शपथेवर केलेलं."

७

शनिवारी जळगावात भाषांतर झालं. शेठजींनी सही करण्यापूर्वी घड्याळाकडे पाहिलं, मेघाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी सही केली. लीलाधरभाऊंनी आपला अहवाल धुळ्याहून पाठवला. त्यात वीज गेल्याचं लिहिलेलं नव्हतं. पाठवल्यावर त्यांनी मेघाला फोन केला आणि 'पाठवलं' एवढंच म्हणून ठेवला.

रविवारी दुपारी पोच आली. तक्रार मिळाली, ती योग्य विभागाकडे दिली आहे, तो विभाग सोमवारी उघडेल. मुदत गोठवली का, याचा उल्लेख नव्हता. मेघाने विचारलं. उत्तरात पुन्हा पोच आली. रविवार कुणाचा, तेही तिने पुन्हा विचारलं.

सोमवारी सकाळी तिने कंपनीच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक टाकला. तिथे नेहमी 'वैध' किंवा 'संपले' असं यायचं. आता दोन्ही नव्हतं. 'तपासणी सुरू' असं होतं.

रोनकने निविदेचे दोन संच तयार ठेवले होते. एकावर अखिलचं नाव, एकावर मेघाचं. शेठजींनी अखिलचा संच उचलून कपाटात टाकला आणि किल्ली बंडीच्या खिशात ठेवली. "बाद झालो तर बाद होऊ," ते म्हणाले. रोनक दार आपटून बाहेर गेला, पण दुसरा संच घेऊन गाडी शिरपूरला त्यानेच नेली.

मंगळवारी दुपारी लिफाफे उघडले. समितीच्या अध्यक्ष एक प्राध्यापिका होत्या. त्यांनी प्रत्येक प्रमाणपत्राचा क्रमांक सगळ्यांसमोर पडद्यावर तपासला. मेघाचा क्रमांक टाकल्यावर पान उघडायला वेळ लागला.

"'तपासणी सुरू'," त्यांनी वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "हे वैध समजायचं की अवैध?"

प्रतिस्पर्धी पेढीचा माणूस म्हणाला, अवैध. रोनक म्हणाला, संपलं असं तर कुठं लिहिलंय? अध्यक्षबाईंनी नियमांची पानं उलटली. असा प्रसंग नियमांत नव्हता. कंपनीने लेखी कळवेपर्यंत मेघा भदाणे यांच्या नावाचा लिफाफा बाजूला ठेवावा आणि निर्णय पुढच्या बैठकीत घ्यावा, असं ठरलं. पुढच्या बैठकीची तारीख ठरली नाही.

मेघा तेव्हा सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात फोन कानाला लावून उभी होती. मदतवाहिनीवर तिच्या आधी अकरा जण होते.